आत्याचं नाव सगळ्यात वर

माझी आत्या कालोलाइने सिडनीहून येते तेव्हा तिला आणायला विमानतळावर आख्खं घर जातं, आणि ती परत निघते तेव्हा आख्खं घर तिच्याबरोबर जातं. माणसं नव्हे, सामान. विणलेल्या चटया, रंगवलेलं सालीचं कापड, आईने हळदीकुंकवासारखं जपून ठेवलेलं चंदनाचं खोड, एकदा तर चक्क आमचा फ्रीज. फ्रीज सिडनीला गेला नाही म्हणा, तिच्या नणंदेकडे गेला, पण आमच्या घरातून गेला तो गेलाच.

आमच्या टोंगात, पॅसिफिकमधल्या या बेटांवर, बापाची बहीण म्हणजे सगळ्यात वरची. भावाच्या घरातल्या कशावरही तिने बोट ठेवलं की ते तिचं. भावाच्या पोरांनी तिला 'नाही' म्हणायचं नसतं. मी सहा वर्षांची असताना तिने माझ्या पायातले शाळेचे नवे बूट काढून आपल्या लेकीला घातले. मी अनवाणी घरी आले तर आईने जवळ घेऊन सांगितलं, आत्याने आपल्याकडे काही मागितलं की तो आपला मान असतो. मान! तळपायाला फोड आले होते मानाचे.

सगळ्या आत्या अशा नसतात, उगाच रीतीला नावं ठेवू नये. मीही माझ्या भावाच्या मुलांची आत्याच आहे. मी त्यांच्याकडून आंब्याच्या दिवसांत आंबे घेते आणि वर्षभर त्यांची फी भरते. पण देवाने मला जी आत्या दिली ती ही अशी दिली, काय करणार.

माझं नाव लुसेआने. राजधानीत, नुकुआलोफात, माझं एका खोलीचं ऑफिस आहे. इथून जो कोणी परदेशात काही विकायला पाठवतो, मग व्हॅनिला असो की साबण, त्याचे कागद मी करते. कुठल्या देशाला कुठला दाखला लागतो, लेबलावर काय हवं, काय चालत नाही, हे सगळं मला तोंडपाठ आहे. आणि हे सगळं मी शिकले ते एकाच तेलासाठी, माझ्या आईच्या.

आई, तोआकासे, एउआ बेटावरची. तिच्या माहेरी ना जमीन ना मोठं नाव. एक तेल तेवढं होतं. खोबरं किसून उन्हात ठेवायचं, सुटलेलं तेल गाळायचं, मग त्यात चंदनाची साल आणि मोहोकोईची पिवळी फुलं घालून मंद आचेवर दोन दिवस. हे तिला तिच्या आजीने शिकवलं, आणि आजीचंच नाव तिला ठेवलेलं. लग्न होऊन ती आमच्या बापाच्या घरात आली तेव्हापासून ती फक्त 'फिनाउची बायको' आहे. चाळीस वर्षं. तिला कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकली ती फक्त आत्याच्या तोंडून, आणि तीही "तोआकासे, पाणी आण" अशी.

एकदा मी तिला सहज विचारलं, "आई, तुला काय हवं गं?" मला वाटलं वॉशिंग मशीन म्हणेल. ती म्हणाली, "परदेशातल्या दुकानात बाटली, आणि बाटलीवर माझं नाव."

एवढंच मागितलं होतं बाईने आयुष्यात.

मग मी मागे लागले. चार वर्षं गेली त्यात. आई सगळं मुठीने मोजते, आणि कायद्याला मूठ कळत नाही, त्याला टक्के लागतात. मी आईची मूठ नऊ वेळा वजनकाट्यावर घातली, नऊ वेळा वेगळी भरली. आई म्हणाली, "माझी मूठ बरोबर आहे, तुझा काटा बघ." प्रत्येक फुलाचं लॅटिन नाव लेबलावर हवं म्हटलं तर म्हणे, "झाडाला माहितीये का त्याचं नाव हे आहे ते?" ऑकलंडच्या प्रयोगशाळेला बाटल्या पाठवल्या, त्यांनी त्या तीन महिने गरम कपाटात ठेवून तेल नासतं का बघितलं, जंतू होतात का बघितलं, माणसांच्या दंडाला लावून पुरळ येतं का बघितलं. काही म्हणजे काही झालं नाही. पुडकंभर अहवाल आला आणि प्रत्येक पानावर लिहिलेलं, तोआकासेचं तेल.

सिडनीच्या पश्चिमेला आमच्या लोकांची चार दुकानं चालवणारा एक जण सहाशे बाटल्या घ्यायला तयार झाला. पूर्वी एकदा दुसऱ्याच्या मालापायी त्याला त्रास झाला होता, म्हणून त्याची एकच अट: कागद चोख हवेत, आणि काही बिघडलं तर सरकारपुढे उभं कोण राहणार त्याचं नाव लेखी हवं. ऑस्ट्रेलियात असा माल उतरवायचा तर तिथं राहणाऱ्या कोणीतरी आधी आपली नोंदणी करावी लागते. ब्रिस्बेनला माझी मैत्रीण हेदर आहे, तिचा धंदाच तो. तिने सगळे अहवाल वाचले आणि म्हणाली, "लुसी, हे तेल मी डोळे मिटून अंगावर घेते."

लेबलं छापून आली. पिवळ्या फुलाखाली ठळक अक्षरांत 'तोआकासे'. आईने एक लेबल बायबलमध्ये ठेवलं आणि आठवडाभर वाचन म्हणून तेच पान काढून बसायची.

आणि आत्या आली.

कोणीतरी सांगितलं असणार. ती विमानातून उतरली, घरात येऊन उत्तम चटईवर बसली, एक बाटली उचलली, वास घेतला, तळहातावर ओतून दोन्ही हातांना चोळलं. बाबा बहिणीसमोर बसत नाहीत, ते मागच्या दाराने डुकरांकडे गेले.

"चांगलं झालंय," आत्या म्हणाली. "माझ्या भावाच्या घरातलं तेल. मी घेऊन जाते."

"किती बाटल्या देऊ, आत्या?" मी विचारलं.

"बाटल्या?" ती हसली. "बाटल्या काय करू? तेल घेऊन जाते. हा जो काय धंदा तू मांडलायस ना, तो."

मी आईकडे बघितलं. आई खाली बघत होती.

"आणि हे काय लावलंयस बाटलीवर?" आत्याने लेबल नखाने खरवडलं. "तोआकासे म्हणे. सिडनीत आपल्या लोकांनी बघितलं तर काय म्हणतील? आमच्या घराचं तेल आणि नाव एउआच्या पोरीचं? माझं नाव घाल. फोटोही घाल, चर्चच्या पन्नाशीला काढलाय तो."

"वन्सं, लेबलं छापून झालीत," आई हळूच म्हणाली. बस, एवढंच. चाळीस वर्षांत तिने नणंदेसमोर टाकलेलं सगळ्यात मोठं वाक्य होतं ते.

"मग काय झालं? चूल पेटवायला कागद लागतोच की."

दुसऱ्या दिवशी आत्याच्या मानाचं डुक्कर भाजायचं होतं. जमिनीतली भट्टी पेटवायला आईने लेबलांचे गठ्ठे आणले आणि एकेक करून आत टाकले. सहाशे. मी धावत जाऊन तिचा हात धरला तर म्हणाली, "सोड, धूर होतोय." डोळे पुसले तिने, तेही धुराच्या नावाने. आणि तिकडे आत्या सावलीत बसून विचारत होती, "पेटली का गं?"

त्या क्षणी मी ठरवलं. खोटं कशाला बोलू, देवाधर्माचं काही मनात आलं नाही. हिला धडा शिकवायचा, आणि हिच्याच मानाच्या दोरीने हिला बांधायचं, एवढंच डोक्यात होतं. 'नाही' म्हणता येत नाही ना? ठीक आहे. मग मी 'हो' म्हणेन. इतक्या वेळा 'हो' म्हणेन की तुला ते झेपायचं नाही, आत्याबाई.

संध्याकाळी मी सगळे कागद घेऊन तिच्यासमोर बसले, तिच्यापेक्षा खाली, जमिनीवर, रीतीप्रमाणे.

"हे काय?"

"दुकानदाराने मागितलेत, आत्या. चार रकाने आहेत. तेल कोणी केलं, बाटल्या कोणी भरल्या, माल तिकडे कोणी उतरवला आणि सगळ्याला सरकारपुढे जबाबदार कोण."

"यात वरचा कुठला?"

बघा, दुसऱ्या कुणी हा प्रश्न विचारला नसता. माझ्याकडे कागद करायला चिनी दुकानदार येतात, न्यूझीलंडचे गोरे येतात; सगळे विचारतात, यात धोका कुठल्या रकान्यात आहे. आत्याने विचारलं, मान कुठल्या रकान्यात आहे.

"वरचा म्हटलं तर हा चौथा," मी म्हणाले. ते खरंच होतं. "बाकीचे तिघं याच्या हाताखाली. तिथे मी ब्रिस्बेनच्या हेदरचं नाव घातलंय."

"ही कोण गोरी माझ्या तेलाच्या डोक्यावर बसणारी? खोड ते. माझं नाव लिही."

"आत्या, तिथे नाव असलं की काही बिघडलं तर सरकार त्याच माणसाला जाब विचारतं."

"मला?" ती एवढ्या मोठ्याने हसली की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. "अगं पोरी, मला जाब विचारणारा अजून जन्माला यायचाय!"

मी एकदा सांगितलं. माणुसकी म्हणून दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. पण माझ्या केसांना अजून त्या लेबलांच्या धुराचा वास येत होता. मी हेदर खोडून कालोलाइने लिहिलं.

"पहिल्या रकान्यातही माझंच नाव."

"तेल आईने केलंय, आत्या."

"माझ्या भावाच्या घरात झालं ना? म्हणजे मी केलं."

"हो, आत्या."

चारही रकान्यांत कालोलाइने. मग तिने पिशवीतून एक चिठ्ठी काढली. बाटलीच्या गळ्यात अडकवायला छोटं पत्रक हवं होतं, ते मी टाइप करायचं. या तेलाने इसब बरा होतो, सांधे मोकळे होतात, साखरेच्या रोग्यांच्या जखमा भरतात, टकलावर केस येतात.

"आत्या, अंगाला लावायचं तेल म्हणून विकलं तर एक कायदा. रोग बरा होतो असं लिहिलं की तिकडे ते औषध धरतात. औषधाचा कायदा फार कडक."

"औषध मोठं की तेल मोठं?"

"औषध मोठं."

"मग औषधच धरू देत की! तुला अक्कल कधी येणार गं?"

"हो, आत्या. फक्त इथे तुमच्या हाताने एक ओळ लिहा. 'हे सगळं माझ्या आज्ञेवरून लिहिलं आहे.' म्हणजे कोणाला शंका नको, मालकीण कोण ते."

ती ओळ तिला एवढी आवडली की तिने ती प्रत्येक पानावर लिहिली, खाली सही केली, सहीखाली पुन्हा नाव. मी कागद उचलून कपाळाला लावले. तिला वाटलं, मी तिला मान देतेय.

आईने दोन महिने खपून केलेल्या तेलाचे तीन पिंप बोटीने सिडनीला गेले.

पाच महिन्यांनी शेजारच्यांची सिडनीत राहणारी पिसिला आपल्या भावाच्या मयताला आली. भेट म्हणून तिने आईला बाटली आणली. "तुमच्याच घरातलं," म्हणाली. बाटलीवर आत्या हसत होती, गळ्यात पत्रक, वर सोनेरी अक्षरांत 'राणी कालोलाइने'. मी बूच काढलं आणि माझं नाकच मुरडलं. चंदन नाही, मोहोकोई नाही, काही नाही. कुठला तरी स्वस्तातला सेंट, टॅक्सीत आरशाला टांगतात तसल्या वासाचा. तीन पिंपांचे तिने नऊ केले होते, कुठलं तरी पातळ तेल ओतून. आणि मागच्या बाजूला घटकांची यादी मात्र जशीच्या तशी आमची, आईच्या मुठीची, नऊ वेळा मोजलेली.

आईने दोन बोटं बुडवली, चोळली, हुंगली. मग स्कर्टला हात पुसला.

"हे माझं नाही," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

यादीत नसलेला सेंट, औषधाचे दावे आणि चारही रकान्यांत एकच नाव. माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. मी त्याच दुपारी तिकडच्या सरकारी खात्याला तक्रार लिहिली, बाटलीचे फोटो जोडले, आत्याच्या हातचे कागद जोडले. आणि पाठवली नाही.

का, तर तीन आठवड्यांनी तिकडच्या आमच्या चर्चची वर्षातली मोठी देणगी होती. तेव्हा आत्या सगळ्यांसमोर उभी राहून 'माझं तेल, माझं तेल' करणार, पाच गावांचे लोक ते ऐकणार, दुकानं भरलेली असणार. जितकी उंच चढेल तितकी जोरात आपटेल, असा माझा हिशोब. मी थांबले. रोज ती तक्रार उघडून वाचायची आणि बंद करायची, मिठाईचा डबा उघडून बघावा तशी.

सतराव्या दिवशी त्या दुकानदाराचा फोन आला. एका बाईने पत्रक वाचून आपल्या दहा महिन्यांच्या मुलीचं डॉक्टरचं मलम बंद केलं आणि इसबाला हे तेल लावलं. पोरीची कातडी सोलल्यासारखी झाली. ती चार दिवस दवाखान्यात होती.

मी फोन ठेवला. आत्याने सांगितलं खरं, पण 'इसब बरा होतो' हे माझ्याच बोटांनी टाइप केलेलं. आणि ते सतरा दिवस माझे होते, ते मी आत्याच्या माथी मारू शकत नाही. ती पोर आता बरी आहे. मी स्वतः तीनदा फोन करून विचारलंय. तिच्या आईला वाटतं मी दुकानातली कोणीतरी आहे.

तक्रार मी त्याच क्षणी पाठवली.

मग मात्र चक्र भराभर फिरलं. खात्याचा आत्याला हुकूम गेला: विक्री बंद. विकलेली प्रत्येक बाटली परत घ्या. वर्तमानपत्रात आणि आपल्या भाषेच्या रेडिओवर जाहीर सूचना द्या, स्वतःच्या नावानिशी. आणि चौदा दिवसांत लेखी उत्तर द्या: काय घातलं, कुणाच्या परवानगीने, तपासण्या कुठल्या केल्या. दुकानदाराने आपला कागद पुढे केला आणि हात झटकले. हेदरने मला फोन करून विचारलं, "तिच्या बाजूने कोणी उभं राहणार आहे का?" मी म्हटलं, "ती सगळ्यात वर आहे. तिच्या बाजूला उभं राहायची आमच्यात कुणाची पायरी नाही."

अकराव्या दिवशी सकाळी दारात टॅक्सी थांबली. आत्या एकटीच उतरली. कुणाला कळवलं नव्हतं, कोणी आणायला गेलं नव्हतं. आईने चटई अंथरली. आत्या बसली आणि पहिल्यांदाच तिने घरात काय काय आहे ते बघितलं नाही.

"तूच केलंस ना हे?" तिने मला विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेवढंच केलं, आत्या. प्रत्येक पानावर तुम्हीच लिहिलंय तसं." मी झेरॉक्स पुढे ठेवली. "आणि तक्रार म्हणाल तर हो. ती मी केली."

तिचा हात उठला होता. पण तिने तो खाली घेतला, पिशवीतून एक कागद काढला आणि चटईवर ठेवला. वकिलाने टाइप केलेला. तेल तोआकासेने केलं, पत्रक लुसेआनेने लिहिलं, मी इंग्रजी न समजणारी म्हातारी, विश्वासाने सह्या केल्या.

"सही करा दोघी," आत्या म्हणाली. मग आईकडे वळली आणि आवाज एकदम मऊ केला. "तुला नाव हवं होतं ना, तोआकासे? घे. हे बघ, पहिल्याच ओळीत घातलंय. तोआकासे. सगळ्यात वर."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. म्हणजे चांगलं होतं तेव्हा कालोलाइने, आणि पोरांची कातडी जळली तेव्हा तोआकासे! मला ओरडायचं होतं. पण सांगू का, तोंडातून 'नाही' निघेना. सदतीस वर्षांची बाई मी, चार देशांचे कायदे पाठ, आणि आत्या समोर बसून पेन पुढे करतेय तर माझा हात आपोआप उचलला गेला. इतकं आत मुरलेलं असतं ते. मागच्या दारात बाबा उभे होते.

आई माझ्या पुढे आली. चटईवरून खाली उतरली, उघड्या जमिनीवर बसली, डोकं एवढं खाली घातलं की मला फक्त तिचे पांढरे केस दिसत होते.

"वन्सं," ती म्हणाली, "मी एउआची. तुमच्या घरात पाणी आणायला आलेली. तुमच्या नावाच्या जागी माझं नाव कसं बसेल? लोक काय म्हणतील?"

"मी सांगतेय ना! मी देतेय!"

"तुमचा मोठेपणा. पण माझी पायरी मला ठाऊक आहे." तिने तो कागद दोन्ही हातांनी उचलला, अदबीने, आणि आत्याच्या मांडीवर ठेवला. "आणि आता उशीरही झाला. जुन्या अहवालांवर माझं नाव बघून परवा त्या खात्यातून माझ्यासाठी पत्र आलं होतं. विचारत होते, हे तेल तुमचं का? पाद्रीबाईंकडून मी उत्तर लिहून घेतलं. हे तेल माझं नाही. यातलं काहीही माझं नाही. कालोलाइने आमच्या घरात सगळ्यात वर आहेत, तेल त्यांचं, त्यांनाच विचारा. सही करून पाठवलं मी."

मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"आई!" मी ओरडले. "अगं काय लिहून दिलंस तू? सरकारी कागदावर गेलं ते! उद्या तू तुझं तेल तिकडे पाठवायचं म्हटलंस तर कोण मानेल तुझं आहे म्हणून? चार वर्षं, आई! तुझ्या आजीचं तेल!"

"माहितीये मला," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "कागद वाचून घेतला होता मी. दोनदा."

आत्या रडायला लागली. मी तिला कधीच रडताना बघितलं नव्हतं, मयतातसुद्धा ती फक्त किती चटया आल्या ते बघायची. "फिनाउ," तिने भावाला हाक मारली, "तुझ्या बायकोला सांग!" बाबा मागच्या दारात तसेच उभे राहिले, आत आले नाहीत, गेलेही नाहीत. आईने वाटीत तेल घेतलं, खरं, चंदनाचं, आणि थोरल्या नणंदेचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली, रीतीप्रमाणे. घोट्यापासून बोटांपर्यंत, सावकाश. आत्याने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. आईने ते सोडले नाहीत.

"याने पुरळ येत नाही, वन्सं," ती म्हणाली. "घाबरू नका."

आत्या दुसऱ्या दिवशी गेली. जाताना तिच्याबरोबर फक्त तिची पिशवी होती.

जाहीर सूचना पुढच्या सोमवारी सकाळी सिडनीच्या रेडिओवर लागली. आपला रेडिओ तिकडून इंटरनेटवर इथेही लागतो. मी ती मोबाइलवर उतरवून घेतली आणि आई खोबरं किसत होती तिथे नेऊन लावली. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत: हे तेल कोणी वापरू नये, बाटल्या परत कराव्यात, तेल बनवणारी, विकणारी आणि सर्वस्वी जबाबदार व्यक्ती, कालोलाइने. आडनावासकट, गावासकट, बापाच्या नावासकट. निवेदिकेचा आवाज गोड होता, चर्चमध्ये बारशाची नावं वाचतात तसा.

आई खवणीवर हात ठेवून ऐकत राहिली. संपलं तेव्हा तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि या वेळी भट्टीही पेटलेली नव्हती, धूरही नव्हता. मी जवळ बसले. म्हटलं, "आई, तुझं नाव गेलं गं कायमचं."

"गेलं," ती म्हणाली. मग खोबऱ्याचे हात स्कर्टला पुसून तिने मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"परत लाव. तिचं नाव येतं ना, तिथून."